बाझलची संग्रहालयं: कुठे रेंगाळलात, कुठे कंटाळलात?

बाझलकरीण

भारतातून पाहुणे येतात तेव्हा यादी ठरलेली असते: युंगफ्राऊ, टिटलिस, ऱ्हाइनचा धबधबा. स्वित्झर्लंडमधलं आमचं बाझल म्हणजे फक्त बॅगा टाकायची आणि झोपायची जागा. जेमतेम पावणेदोन लाख वस्तीच्या या गावात चाळीसच्या आसपास संग्रहालयं आहेत असं सांगितलं की उत्तर येतं, "बरं, पाऊस पडला तर बघू." म्हणून हा धागा काढतेय. काय पाहिलंत, सोबत कोण होतं, काय मुळीच आवडलं नाही, सगळं लिहा. आसपासचं म्हणजे रीहेन आणि सीमेपलीकडचं जर्मनीतलं वाइल आम ऱ्हाइनही चालेल.

सुरुवात मी करते. कुन्स्टम्युझियममध्ये, म्हणजे इथल्या कला संग्रहालयात, पिकासोची दोन चित्रं आहेत, 'दोन भाऊ' आणि 'बसलेला विदूषक'. ती पाहण्याआधी त्यांची कथा ठाऊक असायला हवी. एप्रिल १९६७मध्ये ग्लोब एअर या बाझलच्या कंपनीचं विमान सायप्रसमध्ये कोसळलं. बँकॉकहून कोलंबो, मुंबई करत ते इकडे येत होतं. १२६ माणसं गेली आणि पुढे कंपनीही बुडाली. कंपनीत मोठा वाटा असलेल्या श्टेखेलिन घराण्याला पैसा उभा करायचा होता. संग्रहालयात वर्षानुवर्षं टांगलेली ही दोन चित्रं त्यांच्याच मालकीची! किंमत ठरली ८४ लाख फ्रँक. त्यातले ६० लाख सरकारी तिजोरीतून द्यावेत का, यावर चक्क मतदान झालं. उरलेल्या २४ लाखांसाठी गावाने 'भिकाऱ्यांची जत्रा' भरवून देणग्या गोळा केल्या. डिसेंबरात लोकांनी कौल दिला: घ्या. हे ऐकून पिकासो इतका खूश झाला की त्याने आणखी चार कलाकृती बाझलला भेट दिल्या.

करदात्यांनी मत देऊन चित्रं विकत घेतली, हे मला अजूनही खरं वाटत नाही. त्या दालनात एखादी आजी दिसली की मनात येतं, हिने 'हो'वर शिक्का मारला असेल की 'नाही'वर?

पिल्लूची आई

छान धागा, ताई. लहान मुलं असतील तर टिंगेली म्युझियम, दुसरा विचारच नको. भंगारातली चाकं, पट्टे, पिसं, भांडी जोडून जाँ टिंगेलीने केलेली यंत्रं आहेत. बटण दाबलं की खडखडाट सुरू! एकदा चालून झालं की यंत्र थोडा वेळ विश्रांती घेतं, त्यामुळे प्रत्येकाला बटण मिळत नाही आणि भांडणं होतात. 'ग्रोसे मेटा-माक्सी-माक्सी-उटोपिया' या अवाढव्य यंत्रावर चढता येतं. आमचं पिल्लू उतरायलाच तयार नव्हतं.

एक सांगून ठेवते. 'मेंगेले-टोटनटांत्स' हे जळालेल्या शेतघराच्या अवशेषांतून केलेलं काम अंधाऱ्या खोलीत आहे. जनावरांच्या कवट्या, लांबलांब सावल्या. लहानग्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर रात्री झोप नाही.

चित्रकला मास्तर

मुलीकडे आलो होतो. आयुष्यभर कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवली, सोळाव्या शतकातला चित्रकार होल्बाइन फक्त पुस्तकात पाहिलेला. कुन्स्टम्युझियममधलं त्याचं 'थडग्यातला ख्रिस्त' छापील चित्रात कधी नीट समजलंच नव्हतं, कारण त्याचं माप समजत नाही. दोन मीटर लांब आणि उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. प्रेत ठेवायला जेवढी जागा लागेल तेवढीच. हात हिरवट काळा पडलेला, तोंड उघडं, डोळे उघडे. देवत्वाची एकही खूण नाही. १५२१-२२मध्ये हे कुणी रंगवू धजलं, याचंच नवल वाटतं.

पण मी जास्त वेळ उभा राहिलो ते त्याच्या कुटुंबाच्या चित्रापुढे. बायको आणि दोन मुलं. इंग्लंडहून काही काळासाठी परतला तेव्हा काढलेलं. बायकोच्या पापण्या लालसर, नजर कुठेच नाही. पुढे तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि ती इथेच राहिली. हिशेबाचा चोख माणूस, स्वतःच्या घरातलं दुःखही न चुकवता उतरवलं त्याने.

वर फ्रान्झ मार्कचं 'प्राण्यांची नियती' शोधा. १९१३चं. उजवीकडचा एक तृतीयांश भाग आगीत जळाला. तोवर मार्क पहिल्या महायुद्धात मारला गेला होता, म्हणून त्याचा मित्र पाउल क्ले याने तो भाग पुन्हा रंगवला. मुद्दाम तपकिरी, मंद ठेवला. जोड लपवली नाही. विद्यार्थ्यांना हे दाखवता आलं असतं तर!

बाझलकरीण

मास्तर, काय सुंदर लिहिलंत. त्यात एक भर: ते मार्कचं चित्र नाझींनी 'अधःपतित कला' ठरवून जर्मन संग्रहालयातून काढून टाकलेलं. बाझलने १९३९मध्ये अशी २१ चित्रं विकत घेतली. नाझींना मिळालेल्या त्या पैशाचं काय झालं असेल, हा प्रश्न उरतोच. इथेही त्यावर वाद होतात.

तटस्थ

सगळे कौतुकच करताहेत म्हणून उलट बाजू. रीहेनच्या बायलर या कला संग्रहालयात (६ नंबरची ट्राम दारापर्यंत नेते) माझा जीव रमला नाही. रेन्झो पियानोची इमारत सुरेख, छतातून झिरपणारा उजेड सुरेख, मोनेची नऊ मीटर रुंद कमळंही सुरेख. पण काही दालनांत एका भिंतीवर एकच चित्र, त्यापुढे गंभीर चेहऱ्यांची माणसं, आणि मी घड्याळ बघतोय. बायको म्हणाली, "कळायलाच हवं असं नाही, बघत बस." मी खिडकीबाहेरच्या तळ्यातली खरी कमळं बघत बसलो. २५ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, मुलं खूश झाली, एवढं मान्य.

कौलारू

मी दापोलीकडचा. आमच्या जुन्या घराच्या कौलांवर इंग्रजीत 'बाझल मिशन' आणि मंगळूरचं नाव उमटवलेलं होतं. लहानपणी वाटायचं, बाझल हे मंगळूरजवळचंच एखादं गाव असणार. इथे नोकरी लागली तेव्हा घरी पहिला फोन केला तो हे सांगायला!

बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेची स्थापना इथे १८१५ची. मंगळूरला ते १८३४मध्ये पोचले आणि १८६५मध्ये त्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढला. धर्म बदललेल्यांना जातीतून, धंद्यातून बाहेर काढलं जायचं, त्यांना काम हवं होतं. ती मंगळुरी कौलं पुढे गलबतांतून किनाऱ्यावर सगळीकडे गेली, गोव्यात, कोकणात, मुंबईत.

मिशनऱ्यांनी जगभरातून गोळा केलेल्या वस्तू आता मुन्स्टर या मोठ्या चर्चजवळच्या म्युझियम डर कुल्टुरेन या संस्कृतींच्या संग्रहालयाकडे आहेत. सगळ्या मांडलेल्या नसतात, त्यामुळे कौल बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. पण अंगणातून वर बघा. हेर्त्झोग आणि द म्युरॉन या वास्तुरचनाकारांनी २०११मध्ये चढवलेलं नवं छप्पर गडद हिरव्या, चकाकत्या षटकोनी कौलांचं आहे. तिथे उभा राहून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "गळत नाही ना?"

पिल्लूची आई

😄 काकू भारी आहेत.

ऱ्हाइनकाठ

गर्दी नको असेल तर सेंट आल्बानच्या पाणचक्कीतलं कागदाचं संग्रहालय. चक्की अजून फिरते. लगद्यातून स्वतःच्या हाताने कागद काढायचा, पिसाच्या लेखणीने लिहायचं, खिळे (धातूची अक्षरं) जुळवून छापायचं. वडील जुन्या छापखान्यात कंपोझिटर होते, खिळ्यांची पेटी बघून त्यांनी तिथल्या माणसाशी मराठीतच बोलायला सुरुवात केली आणि दोघांचं छान जमलं. येताना जवळच्या फेरीने नदी पार करा. तिला इंजिन नाही, तारेला बांधलेली होडी फक्त प्रवाहाच्या जोरावर जाते.

बारफ्यूसर चर्चमधल्या इतिहास संग्रहालयात लेलेकोनिगला भेटा. डोळे फिरवत जीभ बाहेर काढणारा राजाचा यांत्रिक मुखवटा. पुलाच्या वेशीवरून पलीकडच्या काठाला वेडावून दाखवायचा.

नवीन आलेली

पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत, बाबांचे गुडघे दुखतात. सोमवारी काय उघडं असतं? आणि वाइलचं व्हिट्रा डिझाइन म्युझियम एका दिवसात बायलरबरोबर होईल का?

बाझलकरीण

सोमवारी बहुतेक सगळं बंद, कुन्स्टम्युझियम आणि टिंगेलीसुद्धा. बायलर उघडं असतं. बायलरपासून व्हिट्रापर्यंत द्राक्षमळ्यांतून पाच-सहा किलोमीटरची सुंदर पायवाट आहे, पण बाबांना घेऊन नको. ८ नंबरच्या ट्रामने वाइलला जा, पुढे बस. फ्रँक गेरीची १९८९ची पांढरी इमारत आणि झाहा हदीदचं अग्निशमन केंद्र, दोन्ही एकाच आवारात. तो जर्मनीचा भाग, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. आई-बाबा हॉटेलात उतरणार असतील तर बाझल कार्ड मागून घ्या: ट्राम-बस फुकट, संग्रहालयांची तिकिटं निम्म्या दरात. तुमच्याकडे राहणार असतील तर कार्ड मिळणार नाही. आणि बायलरमध्ये मोनेच्या समोर बसायला जागा आहे, बाबांना तिथेच बसवा. तटस्थ यांच्याकडे लक्ष देऊ नका.