मदत हवी आहे: खिडक्या उघडल्या तर धूर, लावल्या तर भट्टी

वेदगंगाकाठ: लवकर सांगा, उद्या सोमवार आहे. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवू की बंद? परवा चौथीतली एक मुलगी प्रार्थनेतच खाली बसली. वहीवर काळी राख पडते, पोरं फुंकर मारून पुढं लिहितात.

खानापुरी: गाव कुठलं? छप्पर कसलं? धूर कशाचा?

वेदगंगाकाठ: निपाणीजवळ. छप्पर पत्र्याचंच, अजून कसलं असणार! ऊस गेला की पाचट पेटवतात.

अथणीचा_तात्या: पत्र्यावर चुना मारा, दोन हात. आम्ही मारला, आता आतून पत्र्याला हात लावला तर चटका बसत नाही. आणि पोरांच्या खिशात कांदा.

खानापुरी: कांदा झुणक्याला ठेवा तात्या. खिशात ठेवून ऊन कमी होतं होय?

अथणीचा_तात्या: आमच्या आजीपास्नं चालत आलंय. तुम्हाला अथणीचं ऊन काय ठाऊक, जांबोटीच्या सावलीत बसून बोलताय.

रिटायर्ड_गुरुजी: सकाळची शाळा मागा. 2025 मध्ये उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांची वेळ बदलली ती कलबुर्गी विभागात आणि विजयपूर, बागलकोटात. आपल्या बेळगाव जिल्ह्याला तेव्हा काही नव्हतं. बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना) अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठीतला टेबलावरच राहतो.

सीमावासी: राहतो कसा? हाच तर प्रश्न आहे...

खानापुरी: तो धागा वेगळा काढा, दादा.

दवाखान्यातली_ताई: गुरुजी, सकाळची शाळा उन्हाला बरी, धुराला नाही. पाचट पेटवतात कधी?

वेदगंगाकाठ: संध्याकाळी, वारा पडल्यावर.

दवाखान्यातली_ताई: मग रात्रभर धूर खाली बसतो आणि सकाळी सात-आठला सगळ्यात दाट असतो. तेव्हा शेताकडच्या खिडक्या बंद, प्रार्थना वर्गात. ऊन वर आलं की धूर उडतो, मग सगळं उघडा. रुमाल राख अडवतो, बारीक कण नाही. त्याला एन-95 मास्क लागतो. बेळगावातल्या यंत्राचा हवेचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका, तो तुमच्या शिवारातला नाही. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. पोर बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं तर पाणी पाजत बसू नका. अंग ओलं करा, वारा घाला, 108 लावा.

चिक्कोडी_एक्सप्रेस: कूलर घ्या, एसडीएमसीकडून (शाळेच्या समितीकडून).

खानापुरी: आणि खिडक्या लावून चालवा, वर्गात वाफच वाफ!

नवी_शिक्षिका: निपाणी भागात मराठी शाळेत बदली मिळेल का? पत्रा चालेल.

वेदगंगाकाठ: अक्षरदासोहच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) अक्कांना दमा आहे, त्यांचं काय करू? पंप संपलाय म्हणतात.

दवाखान्यातली_ताई: हे पहिल्याच ओळीत सांगायचं हो! पंप आजच आणवा. चुलीवर असतील तर दुसऱ्या मावशींना बसवा, अक्का भाजी चिरतील.

अथणीचा_तात्या: मुळात पाचट पेटवतोय कोण? त्याला सांगा, कुट्टी करून सरीत टाक, युरिया-सुपर फॉस्फेट मार, कुजतं. पाणी वाचतं.

खानापुरी: मीही तेच विचारणार होतो. कोण आहे?

खानापुरी: ओ वेदगंगाकाठ, गेलात कुठं?

वेदगंगाकाठ: चुलता आहे माझा. अजून दोन एकर पेटवायचं राहिलंय म्हणे. आज रात्री जेवायला जातोय त्यांच्याकडं. तात्या, ते युरिया किती लागतं, सांगून ठेवा.