कृष्णधवल प्रिंटला हिरवट झाक येते, काय करावं? (नाशिक)

गोदाकाठ: गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये रामकुंड आणि काळाराम मंदिराचे कृष्णधवल फोटो लावायचे आहेत. प्रिंटर टँकवाला, सहा शाईंचा: काळी, सायन, मॅजेन्टा, पिवळी, फिकी सायन, फिकी मॅजेन्टा. कागद ग्लॉसी, २६० जीएसएम. ट्यूबलाइटखाली प्रिंट ठीक वाटते, खिडकीशी नेली की मंदिराचा दगड शेवाळलेला दिसतो. ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल टिक केलं तरी तेच. नवा प्रिंटर घ्यावा का?

राखाडी_पट्टी: थांबा, खर्चाचं नंतर बघू. आधी नोझल चेक काढा (प्रत्येक शाईच्या रेषांची जाळी छापणारी चाचणी, छिद्रं अडली असतील तर जाळी तुटते). फिकी मॅजेन्टा तुटक येत असेल तर मधल्या छटा हिरव्या पडतात, फिकी सायन अडली तर लालसर, पिवळी अडली तर निळसर.

मग २१ चौकोनांची पट्टी छापा, ० ते १०० टक्के, ५-५ च्या टप्प्याने, आरजीबी फाइलमध्ये तिन्ही आकडे सारखे ठेवून. झाक सगळ्या चौकोनांत असेल तर रंगांचं गणित दोनदा होत असण्याची शक्यता जास्त. फोटोशॉपमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलं असेल तर ड्रायव्हरमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' हवंच; दोघांनी दुरुस्ती केली की बट्ट्याबोळ. प्रोफाइल (प्रिंटर-शाई-कागदाच्या जोडीचे रंग सांगणारी फाइल) त्याच कागदाचं, रेंडरिंग इंटेंट (न मावणारे रंग कसे बसवायचे तो पर्याय) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू.

आणि शाई ओरिजिनल आहे की बाजारातली? दुसऱ्या शाईवर कंपनीचं प्रोफाइल लागू पडत नाही.

सावली२२: ग्रेस्केलच्या टिकवर विसंबू नका. फोटो पेपर निवडला की बहुतेक ड्रायव्हर राखाडी रंग सायन, मॅजेन्टा आणि पिवळी मिसळूनच बनवतात. ते मिश्रण एका उजेडात न्यूट्रल दिसतं, दुसऱ्यात नाही. यालाच मेटामेरिझम म्हणतात. त्यात चकचकीत पांढऱ्या कागदात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं) असतात. खिडकीतल्या अतिनील किरणांनी ते निळसर चमकतात, एलईडी ट्यूबखाली जवळपास गप्प असतात. म्हणजे कागदाचा पांढराही बदलतो.

म्हणून हॉलमध्ये कोणते दिवे आहेत ते आधी विचारा आणि त्याच उजेडात प्रिंट जुळवा. शेजारी १८ टक्के ग्रे कार्ड (कुठलीही झाक नसलेलं प्रमाणित राखाडी कार्ड) ठेवा; डोळा झाकेला पटकन सरावतो, कार्ड सरावत नाही. मग फोटोशॉपच्या कर्व्ह्जमध्ये (छटा फिक्या-गडद करायचं साधन) फक्त ग्रीन चॅनल: इनपुट १२८, आउटपुट १२५, दोन्ही टोकं जागच्या जागी. एवढंसं वाटतं, पण मधल्या छटांत लगेच दिसतं. हा कर्व्ह त्या कागद-शाईच्या जोडीपुरताच, दुसरीकडे चालवू नका. ताजी प्रिंट बघून मात्र निवाडा करू नका: डाय शाई २४ तास तरी सुकू द्या. पावसाळ्यात आणखी वेळ, आणि तोवर काचेत घालायची नाही.

राखाडी_पट्टी: सहमत, फक्त एक भर. हा कर्व्ह एकाच उजेडापुरता इलाज. दोन्हीकडे न्यूट्रल हवं असेल तर राखाडी शाईचा प्रिंटरच लागतो. एपसन एल८१८० किंवा कॅनन जी६७० मध्ये एक राखाडी शाई आहे, रंगांचं मिश्रण कमी लागतं. गंभीरपणे करायचं तर एपसन पी७०० किंवा पी९००: काळ्यासोबत दोन राखाडी, पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई, शिवाय अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड. त्या मोडमध्ये मात्र उलटं: 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' ठेवायचं. एका प्रदर्शनासाठी पी९०० घेणं मला तरी पटत नाही, बाहेरून छापून घ्या.

गोदाकाठ: नोझल चेक काढला. फिक्या मॅजेन्टाच्या जाळीत दोन जागी खंड आहे. शाई ओरिजिनल. हॉलमध्ये पिवळसर स्पॉटलाइट आहेत, खिडक्यांना पडदे.

राखाडी_पट्टी: मग निम्मं काम तिथेच. एक हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. दोनदा करूनही खंड राहिला तर रात्रभर तसाच सोडा आणि सकाळी परत चेक काढा. सलग क्लीनिंग मारली तर शाई वाया जाते आणि वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा स्पंज) भरतं. जाळी अखंड आल्याशिवाय कर्व्हला हात लावू नका.

सावली२२: पडदे असतील तर सोपं झालं. जाळी नीट आली की पट्टी छापा, दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नेऊन त्याच स्पॉटलाइटखाली कार्डाशेजारी धरा. खिडकीजवळची तपासणी सोडून द्या.