घोडबंदर रोड: सेवा रस्ता गेला, कोंडी गेली का?

गायमुखी:
काल इथे एका महाशयांनी ठणकावून लिहिलं की ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे कापूरबावडी ते गायमुख सेवा रस्ते (हायवेला लागून असलेले स्थानिक वाहतुकीचे रस्ते) मुख्य रस्त्यात घेण्याला विरोध करणारे विकासाचे शत्रू आहेत, आणि मार्गिका वाढल्या की कोंडी संपलीच म्हणून समजा. दोन ओळींत सोडून देणार होतो, पण राहवेना.

अहो, कोंडी रस्ता अरुंद आहे म्हणून होत होती का? कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, सगळीकडे उड्डाणपूल आहेत. पुलांवरून सुसाट निघालेली गाडी अडते गायमुख घाटात. तिथे चढ, वळणं, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. अलीकडे कितीही मार्गिका करा, पुढे बाटलीचं तोंड तेवढंच.

आणि सेवा रस्त्याखाली काय आहे ते बघितलंय? जलवाहिनी, मलवाहिनी, विजेच्या केबल, गॅसची लाइन. उद्या पाणी फुटलं की खोदणार कुठे? भर हायवेवर. आमच्या गेटसमोर आत्ताच बघा: चेंबरचं झाकण डांबरापेक्षा चार बोटं वर, आणि ते आलंय बरोबर नव्या मार्गिकेच्या मधोमध. दुचाकीवाला ते चुकवायला उजवीकडे वळतो आणि मागून कंटेनर येत असतो. सोसायटीचं फाटक उघडलं की थेट महामार्ग. शाळेच्या बसने थांबायचं कुठे?

वाघबीळचा वाटसरू:
सेवा रस्ता होता कुठे हो? कागदावर. प्रत्यक्षात एका बाजूला गॅरेजवाल्याच्या उघड्या बॉनेटच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला चायनीजची गाडी आणि तिची प्लॅस्टिकची स्टुलं, मधून जेमतेम एक रिक्षा. वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा मेन रोड तुंबलेला म्हणून ड्रायव्हरने ॲम्ब्युलन्स सेवा रस्त्याला घातली. पुढे कुणीतरी गाडी आडवी लावून जेवायला बसलेला. तेव्हापासून सेवा रस्त्याचं गुणगान माझ्यासमोर करू नका.

गायमुखी:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तो दोष रस्त्याचा की पार्किंगवर कारवाई न करणाऱ्यांचा? आणि तोच माणूस आता नव्या मार्गिकेत गाडी लावतोय. संध्याकाळी आनंदनगरला जाऊन बघा.

नौपाडाकर:
एक साधा प्रश्न. तिथे घर घ्यायला सांगितलं होतं कुणी? जाहिरातीत येऊरचा डोंगर आणि खाडीचा वारा बघून भुललात. स्टेशनपासून किती लांब आहे हे तेव्हा दिसत नव्हतं? ठाणं म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, फार तर वर्तकनगर.

ब्रह्मांडवासी:
आले! नौपाड्यात आजोबांच्या पागडीच्या खोलीत राहून उपदेश करणं सोपं असतं, काका. आमच्या पगारात तुमच्याकडे काय येतं, मोरी? बिल्डरने चोवीस तास पाणी सांगितलं, आलो तर दारात टँकर. तो टँकरही याच कोंडीत अडकतो. मालमत्ता कर मात्र आम्हीही तुमच्याच महापालिकेला भरतो.

नौपाडाकर:
पागडी नाही, स्वतःची जागा आहे. आणि काका कुणाला म्हणता? तुमच्या गाड्या रोज सकाळी आमच्या गोखले रोडवर येऊन उभ्या राहतात, त्याचं भाडं देता का?

ओवळेकर:
भांडा दोघं. आमच्या ओवळ्यात, कासारवडवलीत, भाईंदरपाड्यात या रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं होती. रुंदीकरणात जमीन आमची गेली, टॉवर तुमचे आले, आणि आता पोराला बैल नाही, कंटेनर बघायची सवय. मूळ ठाणेकर कोण याचा वाद निदान आमच्यासमोर घालू नका.

ब्रह्मांडवासी:
दादा, जमीन फुकट नाही गेली. गावातल्या बंगल्यांसमोर उभ्या फॉर्च्युनर आम्हालाही दिसतात.

ओवळेकर:
ज्यांना भाव मिळाला त्यांच्या दिसतात. रस्त्यात गेलेल्यांच्या दारात जाऊन बघितलंय कधी?

डबल ॲक्सल:
सगळे कंटेनरच्या नावाने बोंब मारतायत म्हणून लिहितो. आमचा धंदा वाहतुकीचा. जेएनपीटीतून, म्हणजे न्हावा-शेवा बंदरातून, माल गुजरातला न्यायचा तर आम्ही काय हौसेने घोडबंदरला येतो? भिवंडीकडून अंजूरफाटा, कामण, चिंचोटी हा पर्याय आहे. त्यावर एकदा भरलेली गाडी चालवून दाखवा, स्प्रिंगचे पाटे तुटतात. तो रस्ता नीट करा, निम्म्या गाड्या आपोआप तिकडे वळतील. त्याऐवजी आम्हाला वेळांच्या बंदीत अडकवतात, मग बंदी उठली की सगळे ट्रक एकदम सुटतात आणि तुम्ही म्हणता ट्रकमुळे कोंडी.

गायमुखी:
या धाग्यातला पहिला कामाचा मुद्दा ट्रकवाल्याकडून आला, घ्या.

वाघबीळचा वाटसरू:
मेट्रो सुरू झाली की हे सगळं बंद होईल. 2018 पासून पत्रे आणि खांब सहन केले, आता आणखी थोडं.

नौपाडाकर:
मेट्रो 4 वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड करत तीन हात नाका, माजिवड्यावरून कासारवडवलीला जाते. ठाणे स्टेशनला येतच नाही! लोकल पकडायला तीन हात नाक्याला उतरून पुन्हा रिक्षा. स्टेशनला जोडणारी वर्तुळाकार मेट्रो, 29 किलोमीटरची, केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केली. ती धावेल तेव्हा तुमची नातवंडं बसतील.

ब्रह्मांडवासी:
तुम्ही बरोबर बोललात हे लिहिताना बोटं दुखली, पण बोललात.

वाघबीळचा वाटसरू:
बरं, गायमुखी, तुमचं एक मान्य. चेंबरची झाकणं आणि भर मार्गिकेत उभे राहिलेले विजेचे खांब हा मूर्खपणा आहे. खांब हलवून मग डांबर टाकायचं असतं एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. पण सेवा रस्ता परत नको. फूटपाथ द्या, बसथांब्याला आत खाच द्या, विषय संपला.

गायमुखी:
फूटपाथ दिला की चायनीजवाला त्यावर येईल. पण खाचेचं चालेल. आणि तुमचंही एक मान्य करतो: रात्री दोन वाजता रस्ता खरंच छान रुंद वाटतो.

डबल ॲक्सल:
रात्री दोनला आम्ही असतो तिथे. नाही वाटत.