क्रिस मार्कर: 'ला जेते'नंतरची वर्षं वाया गेली का?

अर्धउजेड
फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) पुन्हा पाहिला. २८ मिनिटं, जवळपास सगळी स्थिर छायाचित्रं. फक्त एकदा अंथरुणात पडलेली ती बाई डोळे उघडते आणि चित्र हलतं. अंगावर काटा येतो! हे करू शकणारा माणूस १९६७ मध्ये 'स्लों' हा फिल्म बनवणारा गट उभा करतो आणि संप-मोर्च्यांच्या फिल्म काढत बसतो, बऱ्याचदा स्वतःचं नावही न लावता. मग थेट १९८३ मध्ये 'सां सोलेय' ही फिल्म. मधल्या काळात आपण एक मोठा कलावंत गमावला, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रचारपट काढणारे पुष्कळ होते.

तिसरी_पाळी
साफ असहमत. फ्रान्समधल्या बेझांसों शहरातल्या रोदियासेता या कापड-धाग्याच्या कारखान्यातल्या १९६७ च्या संपावर त्यानं मारियो मारेसोबत फिल्म केली. ती पाहून कामगारांनी तोंडावर सुनावलं: तुम्ही आम्हाला भाबडेपणानं रंगवलंत, संपामागची रोजची संघटनेची कामं कुठायत, बायका कुठायत? मार्करचं म्हणणं पडलं की बाहेरचा माणूस बाहेरचाच राहणार, तुमचा सिनेमा तुम्हीच करा. मग त्यानं आणि सोबत्यांनी कामगारांना कॅमेरा, एडिटिंग शिकवलं. त्यातून कामगारांचा स्वतःचा फिल्म गट, मेदवेद्किन गट, निघाला. संपावरच्या त्या पहिल्या फिल्ममध्ये नवऱ्याशेजारी बसलेली सुझान झेदे या गटाच्या १९६९ च्या 'क्लास द ल्युत'मध्ये घड्याळांच्या कारखान्यातली युनियन कार्यकर्ती म्हणून उभी आहे. कॅमेरा कुणाच्या हातात असावा, यावर याहून धाडसी प्रयोग दाखवा.

अर्धउजेड
ते श्रेय सुझानचं आणि कामगारांचं. त्यानं मार्करचा स्वतःचा सिनेमा कुठे पुढे गेला?

जुनी_रिळं
१९७७ च्या त्याच्या 'ल फों द लेर ए रूज' या फिल्ममध्ये गेला ना. त्यात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधला चिलीचा घोडेस्वार मेंदोसा दिसतो, मार्करनंच तेव्हा टिपलेला. पुढे हाच पिनोशेच्या लष्करी राजवटीतला जनरल! आपण काय चित्रित करतोय हे आपल्याला कधीच कळत नसतं, असं निवेदन सांगतं. 'सां सोलेय'मध्ये आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशाचा लष्करी अधिकारी निनो पदक घेताना रडतो आणि वर्षभरात पदक देणाऱ्या अध्यक्षालाच उलथवतो. चेहऱ्यामागचं राजकारण असं वाचणारी नजर चळवळी जवळून फसताना पाहिल्यावरच येते.

अर्धउजेड
हेलसिंकीचं दृश्य गटाच्या कितीतरी आधीचं. त्याचा अर्थ लागला एडिटिंग टेबलावर, एकांतात. माझा मुद्दा कायम आहे.

तिसरी_पाळी
टेबलावर अर्थ लागायला आधी चिली जिव्हाळ्याचा असावा लागतो. १९७३ मध्ये चिलीचा दिग्दर्शक पात्रिसिओ गुस्मानला तिथे चित्रीकरणासाठी कोरी फिल्म मिळेना, तेव्हा ती मार्करनं पाठवली. गुस्मानचा माहितीपट 'चिलीची लढाई' त्या फिल्मवर चित्रित झाला. हे सगळं तुम्ही म्हणता त्याच वर्षांतलं.