मापटं, चिपटं आणि त्याच्याखालचं माप: कुणाला नाव आठवतं का?

शहापूरची आज्जी:

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात माळ्यावरची भांडी खाली काढली. आईच्या मोठ्या परातीत तीन पितळी मापं एकात एक घातलेली मिळाली. नातीनं मोठं माप उचललं आणि विचारलं, "आज्जी, ह्यात किती ग्रॅम मावतं?" मला सांगता येईना. मोठ्याला आई मापटं म्हणायची, मधल्याला चिपटं. सगळ्यात लहानाचं नाव काही केल्या आठवत नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

माझा जन्म 1948 चा, शहापुरातल्या विणकर गल्लीतला. त्याच वर्षी सांगली संस्थान विलीन झालं, त्यामुळं शहापूर संस्थानातलं आणि बेळगाव इंग्रजांचं, हे मी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलं. घरात एक माग होता. वडील खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचे, आम्ही भावंडं शाळेतनं आलो की कांड्या भरायचो. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत ताणे पसरलेले असायचे, खळीचा वास यायचा. आषाढ लागला की सगळं थांबायचं. बेळगावचा पाऊस पंधरा-पंधरा दिवस उघडत नाही. ताणा बाहेर काढता येत नाही, खळ वाळत नाही, मग माग बंद. माग बंद म्हणजे मजुरी बंद.

तेव्हा आई मला मापटं देऊन शेजारच्या अक्कांकडं पाठवायची. त्या कानडी, त्यांचं किराणाचं लहानसं दुकान होतं. मी काही बोलायचे नाही. नुसतं मापटं पुढं करायचे. अक्का कणगीतनं तांदूळ भरायच्या, बोटानं सपाट करायच्या आणि मग वरनं आणखी एक ओंजळ ओतून शीग लावायच्या. ती शीग सांभाळत पाच घरं चालायचं. एका हातानं मापटं धरायचं, दुसऱ्या हाताचा तळवा खाली, सांडलं तर झेलायला. तरी दोन-चार दाणे पडायचेच. ते मी फरशीच्या भेगांतनं वेचून आणायचे, कारण आई रिकामं करायच्या आधी शिगेकडं बघायची. श्रावणात परत करताना आई त्याहून उंच शीग लावायची. पुढच्या आषाढात अक्का आणखी उंच.

एकदा, चौथीत असताना, ओल्या उंबऱ्यावर पाय घसरून मी मापटं पाडलं. काठाला चांगली चेप पडली. आई रागावली नाही, तांदूळ मात्र पदरात गोळा करून तीनदा धुतले. आता बघते तर काठ सारखा आहे. तांबटाकडनं चेप काढून घेतली असेल.

मलप्रभाकाठ:

आज्जी, लहानाचं नाव कोळवं. आमच्या खानापूर भागात आजही माझी आई बोलते. त्याच्याखाली निळवं असतंय. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्याच्यावर मण, आणि वीस मणांची खंडी. मणात किती पायल्या ह्यावर मात्र गावागावांत भांडणं. पायलीसुद्धा इथली वेगळी, कोकणातली वेगळी.

तुमचं वाचून आमचं खळं आठवलं. सुगीला भाताची रास केली की बाबा आंघोळ करून, डोक्याला पटका बांधून मापायला बसायचे. पहिली पायली टाकताना "एक" म्हणायचे नाहीत. "लाभ" म्हणायचे. मग दोन, तीन, चार. ते मोजत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, राशीवरनं उडी मारायची नाही. मी राशीच्या पायथ्याशी बसून पायलीगणिक एक खडा बाजूला ठेवायचो, चुकलं तर परत मोजायला लागू नये म्हणून. सुताराचं, लोहाराचं, न्हाव्याचं तिथंच काढून ठेवायचं, मग उरलेलं घरात. नंतर पोती आली, काटा आला. वजनात "लाभ" कुणी म्हणत नाही.

निपाणीचा आबा:

नातीला सांगा, बाळ, ह्याला ग्रॅम नाही. मापटं हे भरायचं माप, तोलायचं नव्हे. त्यातच तांदूळ घाला, पोहे घाला, ज्वारी घाला, वजन दर वेळी वेगळं येणार. गोंधळ व्हायचं कारण असं की शेर दोन्हीकडं होता. तराजूतला शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम धरा, आणि असे 40 शेर म्हणजे मण. धान्याचा शेर वेगळा, तो भांड्यातला. निपाणीत तंबाखू तोलून आणि ज्वारी मापून, त्यामुळं आम्हा पोरांना दोन्ही पाठ. किलोची वजनं 1958 पासून हळूहळू आली, तरी बाजारातल्या बायका पुढं कितीतरी वर्षं शेर-पावशेरच मागायच्या.

आमच्या पिढीला मापापेक्षा पैशानं जास्त घाम फोडला. 1956 च्या नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो. ते कळेस्तोवर पाच महिन्यांत, 1 एप्रिल 1957 ला, नवे पैसे आले. त्याच्या आधी रुपयाला सोळा आणे, आण्याला चार पैसे. आता रुपयाला शंभर. दुकानात तक्ता लावलेला: एक आणा म्हणजे 6 नवे पैसे, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. आई शिकलेली नव्हती, खरं तक्ता ऐकून तिला लगेच कळलं की तीन आण्यांचा माल एकदम घेतला तर 19 जातात आणि एकेक आण्याचा तीनदा घेतला तर 18. मला तीन खेपा करायला लावायची. एक आण्याचा गूळ, घरी. एक आण्याचं तेल, घरी. एक आण्याची चहापूड. वाचलेला नवा पैसा ती देव्हाऱ्यातल्या डबीत टाकायची. त्या डबीत माझ्या करगोट्याला बांधलेला भोकाचा पैसा पण होता. दोन्ही माझ्याकडं आहेत.

बेळगुंदीचा मास्तर:

आज्जी, दोन गोष्टी करून बघा. एक, मापं उलटी करून तळाला आणि काठाला शिक्का आहे का बघा. दुकानदारांची मापं तपासून त्यावर सरकारी शिक्का मारत. शिक्का नसेल तर ते घरगुती माप. दोन, पाण्यानं ताळा करा: दोन कोळव्यांनी चिपटं भरायला पाहिजे आणि दोन चिपट्यांनी मापटं. आणि हो, पितळेवर त्या काळी टिंबं मारून नाव घालत. राखेनं आणि चिंचेनं घासून घासून ती झिजतात. पोटाला थोडं कुंकू चोळून पुसा, टिंबांत लाल रंग राहतो. आमच्या आज्जीच्या तांब्यावरचं नाव आम्ही असंच वाचलं.

शहापूरची आज्जी:

सगळ्यांचे आभार. कोळवं! नाव वाचल्यावर आईचा आवाजच कानात आला, "कोळवंभर डाळ भिजत घाल." निपाणीच्या आबांनी लिहिलेल्या तीन खेपा मीही केल्यात, खरं आमच्या अक्का एकदम घेतलं तरी 18 च घ्यायच्या.

काल नातीला घेऊन बसले. दोन कोळव्यांनी चिपटं अगदी काठोकाठ भरलं, ती टाळ्या पिटायला लागली. मग दोन चिपटी मापट्यात ओतली. भरलं नाही. बोटभर उणं राहिलं. परत केलं, परत तेवढंच उणं. तेव्हा लक्षात आलं की चिपटं त्यात बसवताना मला थोडं सैल वाटलं होतं. चिपटं आणि कोळवं एका हातचं आहे, मापटं त्यांच्यातलं नाही.

तळाला शिक्का आहे. दुकानाचं माप.

कुंकू लावलं. चिपट्यावर आईच्या माहेरचं आडनाव स्पष्ट आलं, कोळव्यावर नुसतं पहिलं अक्षर. मापट्यावर दोन अक्षरं उमटली, ती कानडी. मला कानडी वाचता येतं, शाळेत नव्हे, अक्कांच्या दुकानातल्या डब्यांवरनं शिकले होते. अक्कांच्या नावाची पहिली दोन अक्षरं.

मी बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले. देण्याघेण्यात कधीतरी आमचं तिकडं राहिलं असणार आणि त्यांचं इकडं आलं. आईला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. ती रोज हातात घेत होती. आणि बोटभर जास्त मावणारं माप त्यांनी आमच्याकडं राहू दिलं, दुकान चालवणाऱ्या बाईला तर ते पहिल्या दिवशीच कळलं असणार.

अक्कांची धाकटी मुलगी बैलहोंगलला दिलेली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आम्ही एकाच पाटावर जेवलोय. वीस-बावीस वर्षांत बोलणं नव्हतं. शहापुरातल्या तिच्या भाचीकडनं नंबर घेतला आणि आज सकाळी फोन लावला. आधी तब्येती झाल्या, मग गुडघे झाले, मग मी म्हटलं, तुझ्या आईचं एक मापटं माझ्याकडं आहे गे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमचं आमच्याकडं हाय की. काठाला चेप पडलेलं न्हवं? त्यातनंच रोज भाताचे तांदूळ घेतो."