मदत हवी आहे : 'सौभद्र'च्या पदांवरच्या मूळ चाली

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र' वगैरे संगीत नाटकांतल्या पदांवर हौशी मंडळात अर्ध्या तासाचा कार्यक्रम बसवतोय. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' लागलं आणि २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब गेले, वय ४२. म्हणजे पदकर्ता म्हणून मिळाली जेमतेम पाच वर्षं! 'रामराज्यवियोग' नाटक तर तीन अंकांवरच थांबलं.

मला त्यांनी शब्द कसे बसवले ते दाखवायचंय. साकी, दिंडी ही वृत्तं सोपी, छंदच ठरलेला. पण बाकी पदं कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी गाण्यांच्या चालींवर बेतलेली. जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर '(चाल –' करून मूळ गाण्याचे पहिले शब्द देत. मला नेमके तेच हवेत.

गावातल्या वाचनालयात दोन प्रती मिळाल्या. एकीत फक्त राग-ताल, दुसरीत तेही नाही (शिवाय पहिल्या अंकाची पानं वाळवीने खाल्लेली). आमचे पेटीवाले काका म्हणतात, "जोगिया आहे, गा की!" अहो, राग माहीत आहे, चाल कुठून आली ते विचारतोय.

रेकॉर्डिंगच्या लिंका नकोत, त्या भरपूर ऐकल्यात. स्वरलिपीही नको. पुण्या-मुंबईला येणं महिनाभर तरी जमणार नाही, त्यामुळे स्कॅन किंवा पानाचा फोटोच उपयोगी. कानडी ओळ असली तरी चालेल, वाचून घेईन.

तर कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर बघून सांगाल का : 'वद जाऊ कुणाला शरण' आणि 'प्रिये पहा' या दोन पदांवर कोणती चाल छापली आहे, आणि ती प्रत कोणत्या सालची?