किचनरची भरती, किचनरचं बुडणं

मांडवीकाठ:
समोर बोट रोखलेल्या युद्धमंत्री किचनरच्या चित्राने पहिल्या महायुद्धात, १९१४मध्ये, इंग्रजांना फौज मिळवून दिली, असं सगळे धरून चालतात. तारखा जुळत नाहीत. एका दिवसातली सर्वांत मोठी भरती ३ सप्टेंबरची, ३३,२०४ माणसं. चित्रकार लीटचं ते चित्र साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं ५ सप्टेंबरला! गर्दी लोटली ती बेल्जियममधल्या माँसहून इंग्रज फौजेने घेतलेल्या माघारीच्या बातम्यांनी. राहुट्या नाहीत, रायफली नाहीत, म्हणून ११ तारखेला उंचीची अट ५ फूट ३ इंचांवरून ५ फूट ६ केली आणि भरती धाडकन आपटली. अंगात खाकीऐवजी निळं सर्ज कापड, हातात लाकडी बंदुका. भरतीवाला म्हणून नापास.

साखळीकर:
चित्राचं मान्य. नापास कसा? लढाई नाताळपर्यंत आटोपेल असं बहुतेकांना वाटत होतं, तेव्हा ७ ऑगस्टलाच याने पहिले १ लाख मागितले, तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंतच्या बोलीवर. हिशेबी गडी. हिंदुस्थानचा सरसेनापती असताना १९०३मध्ये मुंबई फौजेच्या ३, १०, १७ नंबरच्या पलटणींत १०० मिळवून १०३, ११०, ११७ मराठा केल्या त्या यानेच. बूट महिन्यात शिवून होतात, शिपाई नाही.

मांडवीकाठ:
साखळीकरबाब, बूट होतात, तोफगोळे झाले नाहीत. खाणी-कारखान्यांतले कसबी हात पहिल्या लोंढ्यातच पलटणीत गेले, त्यांना मागे ठेवायची चाळणीच नव्हती. मे १९१५मध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईची ओरड झाली आणि ते काम दुसऱ्या मंत्र्याकडे, लॉइड जॉर्जकडे गेलं. शेवटही तसाच, वादळात सोबतीच्या बोटींविना जहाजाने रशियाला निघाला आणि बुडाला.

दर्यावर्दी:
सोबत होती. ५ जून १९१६ला वारा ईशान्येचा, म्हणून त्याच्या ‘हॅम्पशायर’ जहाजाला स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेने काढलं, बेटांच्या आडोशाने. मुरगांवच्या ब्रेकवॉटरआड बोट लावतात तोच हिशेब. वारा वायव्येला फिरला आणि आडोसा गेला. सोबतीच्या दोन्ही विनाशिका (लढाऊ बोटी) समोरच्या लाटांत मागे पडू लागल्या, त्या साडेसहाच्या सुमारास परत धाडल्या. पावणेआठच्या आसपास ऑर्कनीच्या मार्विक हेड कड्याजवळ सुरुंग लागला, यू-७५ या जर्मन पाणबुडीने आठवडाभर आधी पेरलेला. वीज गेली, होड्या उतरेनात. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. तराफ्यांवरचे १२ वाचले, ७३७ गेले. किचनरचं प्रेतही मिळालं नाही.

मांडवीकाठ:
म्हणजे वाट तपासलेली नव्हती. ती ठरवली कोणी?

दर्यावर्दी:
इंग्रज आरमाराचा प्रमुख जेलिको याने. पाणबुड्या इतक्या उत्तरेला सुरुंग पेरत नाहीत, हा समज. शिवाय त्या लाटांत सुरुंग काढणाऱ्या बोटी चालल्याच नसत्या. मागाहून तिथे सुरुंग साफ करायला गेलेली ‘लॉरेल रोझ’ बोटही २२ जूनला सुरुंगावरच गेली.